ऊद, पाणमांजर, नीरुनायी

पुस्तकाच्या पहिल्याच पानावर, छापलेल्या 'ऑटर' शब्दाच्या डोक्यावर कुणीतरी शिसपेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलंय, 'पाण्यातले मांजर'. मग ते एका रेघेनं खोडलंय. शेजारी 'उदमांजर', तेपण खोडलंय, यावेळी दोन रेघा मारून. मग 'ऊद' आणि पुढं प्रश्नचिन्ह. आणि या सगळ्याच्या वर, ओळीत जागाच उरली नव्हती म्हणून समासात तिरकं करून, निळ्या शाईनं लिहिलेलं 'नीरुनायी'. अख्ख्या पुस्तकात शाईचा हा एवढा एकच शब्द. बाकी सगळी पेन्सिल.

पुस्तक म्हणजे 'टार्का द ऑटर'. हेन्री विल्यमसन या इंग्रज लेखकाची १९२७ सालची कादंबरी, तिला पुढच्या वर्षी तिकडचं हॉथॉर्नडेन पारितोषिक मिळालं, आणि जनावरांवरच्या इंग्रजी कादंबऱ्यांची नावं काढायची म्हटलं की हे नाव निघतंच. हे सगळं मला नंतर कळलं. हातात आलं तेव्हा त्याला मूळचं कव्हरच नव्हतं, शाळेच्या वह्यांना आपण घालायचो तसं खाकी कागदाचं कव्हर कुणीतरी घातलेलं, कोपरे व्यवस्थित दुमडलेले, आणि आत पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनंच 'बेळगाव, ८-६-७४'. नाव नाही. नावाच्या जागी कागद खरवडल्यासारखा पातळ झालाय, उजेडात धरला तर पलीकडची बोटं दिसतात.

२०१७ चा उन्हाळा होता. माझी बेळगावातली नोकरी नवी, खानापूरहून रोज बसनं येऊन जाऊन करायचे, आणि ऑफिसच्या कामासाठी कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीच्या भागात गेले की एका रद्दीच्या दुकानाकडं पाय वळायचेच. कॅम्पातली रद्दी गावातल्या रद्दीपेक्षा वेगळी असते हे बेळगावच्या माणसाला सांगायला नको. गावात वर्तमानपत्रं आणि गाइडं, कॅम्पात इंग्रजी मासिकं, नकाशे, कुणा साहेबाच्या बदलीत मागं राहिलेली पुस्तकं. दुकानदार मराठी पुस्तकं किलोवर द्यायचा आणि इंग्रजी नगावर. हे त्यानं तागडीत टाकलं, मग उचलून बाजूला ठेवलं, म्हणाला तीस द्या. मी उघडून बघत होते ते खरं तर इंग्रजी वाचायची सवय लागावी म्हणून. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, मग कन्नड, मग इंग्रजी, आणि इंग्रजी पान समोर आलं की आधी दडपण यायचं. पण या पानावर माझ्या आधी कुणीतरी तसाच दडपून बसला होता आणि शब्दाशब्दाला अर्थ लिहीत पुढं सरकला होता. तेवढं बघूनच मी तीस रुपये दिले.

मला तोवर ऑटर म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. बसमध्ये मोबाइलवर बघितलं. सडपातळ, तपकिरी, ओल्या कातडीचं, मिशावालं जनावर, बोटांमध्ये पडदे, जाड शेपूट, पाठीवर तरंगत मासा खाणारं. छान वाटलं बघून, आणि मनात आलं की हे काय आपल्याकडं नसतं.

वाचायला मला पाच महिने लागले. रोज संध्याकाळच्या बसमध्ये, जागा मिळाली तर, देसूर येईपर्यंत दोन पानं, मग अंधार. गोष्ट साधी आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हन म्हणून परगणा, तिथं टॉ आणि टॉरिज अशा दोन नद्या, टॉरिजच्या काठावर झाडाच्या मुळांमधल्या बिळात एक पिल्लू जन्मतं, आईबरोबर पोहायला, मासे धरायला शिकतं, मोठं होतं, एकटं पडतं, भटकतं, जोडी करतं, आणि शिकारी कुत्री त्याच्या मागावर असतात. पूर्ण गोष्टीत एकही जनावर माणसासारखं बोलत नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. पंचतंत्रावर वाढलेल्या आपल्याला प्राण्याची गोष्ट म्हटलं की प्राणी बोलणारच असं गृहीत असतं, कोल्हा लबाड, सिंह मूर्ख. इथं टार्का फक्त ऊद आहे. त्याला भूक लागते, थंडी वाजते, मासा दिसला की खेळावंसं वाटतं, कुत्र्याचा आवाज आला की अंग ताठ होतं, बस. आणि तरी पन्नास पानांनंतर तुम्ही त्याच्याबरोबर श्वास धरून पाण्याखाली जाता.

टार्का या नावाचा अर्थ पुस्तकातच दिलाय, लहानसा पाण्यातला भटक्या, किंवा पाण्यासारखं भटकणं. माझ्या आधीच्या वाचकानं समासात लिहिलंय, 'जलविहारी?' आणि खाली, 'नको. भटक्या बरा.'

हे असं पानोपानी. मला हळूहळू तो माणूस (की बाई, मला ठरवता येत नाही, अक्षर तसं दोन्हीकडचं) ओळखीचा व्हायला लागला. 'वेअर'ला लगेच 'बंधारा' लिहिलंय, म्हणजे नदीकाठचं असणार. 'हेरॉन'ला 'बगळा', मग 'राखी बगळा'. 'होल्ट' म्हणजे उदाचं बीळ, तिथं 'बीळ', 'घर', आणि शेवटी 'ढोली' अशी तीन उत्तरं, एकही खोडलेलं नाही. उदाच्या विष्ठेला इंग्रजीत एक वेगळाच शब्द आहे, तो बहुतेक कुठल्या साध्या डिक्शनरीत मिळाला नसावा, तिथं फक्त खूण करून सोडलंय आणि तीस पानांनी, संदर्भ लागल्यावर, परत मागं येऊन 'विष्ठा' लिहिलंय, कारण पेन्सिलीचं टोक वेगळं आहे, जाड. डेव्हनमधल्या झाडांपुढं मात्र बिचाऱ्यानं हात टेकलेत, नुसतं 'झाड', 'झाड', 'काटेरी झाड'. एक नियम त्यानं कधी मोडला नाही, शब्द पहिल्यांदा आला की अर्थ लिहायचा, दुसऱ्यांदा आला तर लिहायचा नाही, लक्षात ठेवायचा. मी तो नियम पाळायला लागले तेव्हापासून माझं इंग्रजी सुधारलं, हे मी कुणालाही सांगेन.

आता त्या पहिल्या पानावरच्या खोडाखोडीबद्दल. 'उदमांजर' त्यानं दोनदा खोडलं ते बरोबरच होतं. उदमांजर वेगळं, ते रात्रीचं झाडांवर, घरांवर फिरणारं, खानापुरातल्या आमच्या कौलारू घरावर दर पावसाळ्याआधी त्याची धावपळ असायची आणि सकाळी कौलं सरकलेली असायची, आई म्हणायची ऊद आला होता. म्हणजे आमच्या घरात ऊद हे नाव होतं, पण चुकीच्या जनावराला लागलं होतं. आणि तिसरा ऊद म्हणजे जाळायचा, धुपाचा, तो वेगळाच. या गोंधळात खऱ्या उदाला कुणी विचारत नव्हतं.

एकदा वेळ काढून मी कोश बघत बसले. संस्कृतात उद्र, त्यावरनं मराठीत ऊद. मुळात पाणी हाच अर्थ. आणि इंग्रजीतला ऑटर हा शब्दपण त्याच मुळातनं निघून, हजारो वर्षं दुसऱ्या वाटेनं चालून, तिकडं गेलेला. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही नीट. त्या माणसानं १९७४ मध्ये, कदाचित कंदिलाच्या नाहीतर चाळीसच्या बल्बच्या उजेडात, 'ऑटर'च्या डोक्यावर 'ऊद' लिहून पुढं प्रश्नचिन्ह टाकलं होतं, आणि ते भाषांतर नव्हतंच, तो तोच शब्द होता. त्याला कुणीतरी सांगायला पाहिजे होतं की बरोबर आहे, प्रश्नचिन्ह काढून टाका.

आणि मग नीरुनायी. कन्नडमध्ये नीरु म्हणजे पाणी, नायी म्हणजे कुत्रा. मराठीत ज्याला आपण पाणमांजर म्हणतो ते कन्नडमध्ये पाणकुत्रा. एकच जनावर, एकाच नदीत, या काठावरच्या माणसाला त्यात मांजर दिसलं आणि त्या काठावरच्याला कुत्रा, आणि खरं सांगायचं तर दोन्ही बरोबर आहेत, तोंड बघितलं तर मांजरासारखं, चाल आणि खेळणं बघितलं तर कुत्र्याच्या पिल्लासारखं. आमच्या भागात १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून गावांच्या, रस्त्यांच्या, दुकानांच्या पाट्यांवर कुठलं नाव आणि कुठली लिपी यावर काय काय झालंय हे मी नव्यानं लिहीत नाही, माझं लहानपण त्यातच गेलंय आणि त्यातलं दुखणं मला कळतं. पण पाट्यांच्या बाहेर, बाजारात, शेतात, बसमध्ये आमची तोंडं दोन्ही भाषांत अशी मिसळून चालतात की कुठला शब्द कुठनं आला ते शोधत कुणी बसत नाही. हा शाईचा शब्द त्या वाचकाला अशाच कुणीतरी सांगितला असणार. सहकाऱ्यानं, शेजाऱ्यानं, कदाचित नदीवरच्या कुणीतरी. विचारलं असणार, अहो, असं असं पाण्यातलं जनावर, काय म्हणता त्याला तुम्ही? आणि उत्तर मिळाल्यावर खिशात जे पेन होतं त्यानं लिहून टाकलं.

लेखकाबद्दल थोडं. विल्यमसन पहिल्या महायुद्धात होता, १९१४ च्या नाताळात दोन्ही बाजूंचे सैनिक खंदकांतनं बाहेर येऊन एकमेकांना भेटले होते त्यात तोही होता. माझे पणजोबा मराठा पलटणीतनं त्याच युद्धात मेसोपोटेमियाला गेले आणि परत आले नाहीत, आमच्या देवघरात त्यांचा टाक आहे, फोटो नाही. म्हणून असेल, पण शिकारीची प्रकरणं वाचताना मला राहून राहून वाटत होतं की हे कुत्र्यांचं भुंकणं, शिट्या, काठावरनं काठ्या घेऊन रांगेत उभी राहिलेली माणसं, हे लिहिणाऱ्यानं पाठलाग फक्त उदाचा बघितलेला नाही. पुढं हाच माणूस इंग्लंडमधल्या फॅसिस्टांच्या बाजूला गेला. ते मला अजिबात मान्य नाही, आणि ते कळल्यावर दोन आठवडे मी पुस्तक उघडलं नव्हतं. मग उघडलं, कारण टार्का त्याच्या राजकारणाचा नाही, आणि पेन्सिलीनं लिहिणारा तर नाहीच नाही.

शेवटचं प्रकरण मी बसमध्ये वाचलं नाही. घरी, रविवारी दुपारी, मागच्या दारात बसून वाचलं. कुत्री तासन्‌तास त्याच्या मागं आहेत. ऊद पाण्याखालनं जातो तेव्हा त्याच्या श्वासाचे बुडबुडे वर येतात, शिकारी त्या बुडबुड्यांच्या माळेवरनं तो कुठं आहे ते ओळखतात, म्हणजे त्याचा श्वासच त्याला पकडून देतो. कुत्र्यांमध्ये डेडलॉक नावाचा एक थोराड कुत्रा आहे, सुरुवातीपासनं याच्या मागावर. शेवटी दमून गेलेला टार्का त्याला धरून पाण्याखाली नेतो. कुत्रा बुडून मरतो, त्याचं शरीर माणसं वर काढतात, आणि बघत उभी असताना खोल पाण्यातनं एक बुडबुडा वर येतो आणि फुटतो. मग दुसरा. मग तिसरा, आणि मग काही नाही.

बुडबुडा हा शब्द या पुस्तकात सुरुवातीपासनं येतो. पहिल्यांदा आला तिथं अर्थ लिहिलेला आहे, 'बुडबुडा', नंतर नियमाप्रमाणं कुठंच नाही. पण शेवटच्या पानावर, पहिल्या बुडबुड्याच्या डोक्यावर त्या माणसानं लिहिलंय 'बुडबुडा'. दुसऱ्यावर, 'बुडबुडा'. तिसऱ्यावर, 'बुडबुडा'. अर्थ माहीत होता त्याला. अक्षरसुद्धा बाकीच्यापेक्षा सावकाश काढलेलं आहे, 'ड'चं पोट गोल, 'ब'ची रेघ सरळ.

मी आईला हाक मारली आणि काही सांगता येईना म्हणून चहा कर म्हणाले.

२०१९ च्या ऑगस्टातला पूर बेळगाव जिल्ह्यातल्या कुठल्या माणसाला आठवत नसेल असं वाटत नाही. मलप्रभा आमच्या घरापासून तशी लांब आहे, पण ओढ्याचं पाणी तुंबून उलटं आलं आणि रात्री मागच्या खोलीत गुडघाभर शिरलं. मी बेळगावात अडकलेले, रस्ते बंद. आई एकटी. तिनं तांदळाची पोती, गॅस, कागदपत्रं माळ्यावर चढवली आणि पुस्तकांचं खालचं फडताळ राहिलं. तिसऱ्या दिवशी मी पोचले तर आईनं शेगडीजवळ पुस्तकं मांडली होती आणि टार्काच्या पानापानांत तरुण भारतचे तुकडे घालून ठेवले होते, पाणी ओढून घ्यायला. ऊन नव्हतंच कुठं. पुस्तक फुगून दुप्पट झालं होतं. काही पानांवर वर्तमानपत्राची शाई उमटली, उलटी, त्यामुळं आज टॉरिज नदीच्या एका वळणावर आरशातल्यासारख्या उलट्या अक्षरांत बासमती तांदळाचा भाव आहे.

पेन्सिलीला काहीही झालं नाही. शिसं पाण्यात विरघळत नाही, एकूण एक अर्थ जागच्या जागी, 'ढोली', 'राखी बगळा', तिन्ही बुडबुडे. फक्त पहिल्या पानावर समासात, जिथं नीरुनायी होतं, तिथं आता निळसर डाग आहे, जांभळाएवढा. एकही अक्षर वाचता येत नाही.

मी त्या डागाकडं बराच वेळ बघत बसले आणि मला जाणवलं की हा शब्द मी आयुष्यात फक्त वाचलाय, कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. ऊदपण नाही, त्या अर्थानं. पाणमांजर शाळेच्या पुस्तकात कधीतरी. मी नदीच्या गावची, पोहायला नदीतच शिकले, आणि या जनावराचं नाव माझ्या कानावर कधी पडलं नव्हतं.

मग चौकशी करायला लागले. भारतात पाणमांजरांच्या तीन जाती आहेत, त्यातली आपल्या मोठ्या नद्यांमधली म्हणजे तुळतुळीत कातडीची, कळपानं राहणारी, आणि घाटातल्या झऱ्या-ओढ्यांमधली छोट्या नख्यांची. खाली दांडेलीला काळी नदीत लोक तिकिटं काढून बोटीत बसतात तेव्हा ती दिसतात. कर्नाटकातच तुंगभद्रेचा सुमारे ३४ किलोमीटरचा पट्टा २०१५ मध्ये खास पाणमांजरांसाठी राखीव म्हणून जाहीर झालाय. म्हणजे हे 'आपल्याकडं नसतं' हे माझ्या डोक्यात कुठनं आलं? जनावर होतं, आहे, नाव तेवढं आमच्या तोंडातनं गेलं. इंग्लंडात बरोबर उलटं झालं होतं. तिथं १९५० च्या दशकाच्या शेवटाला शेतात बियाण्याला लावायच्या विषारी औषधांचा अंश नद्यांत उतरला, मासळीतनं उदांच्या पोटात गेला आणि बहुतेक नद्या रिकाम्या झाल्या. शिकारीवर कायद्यानं बंदी १९७८ मध्ये आली. पण नाव राहिलं, या पुस्तकामुळं. डेव्हनमध्ये टार्काच्या नावाची पायवाट आहे, रेल्वेची एक लाइन आहे, आणि ऊद नसताना लोक ते नाव घेत राहिले, औषधं बंद झाली, पाणी निवळलं, २०११ पर्यंत इंग्लंडच्या प्रत्येक परगण्यात ऊद परत आला होता. नुसत्या नावानं जनावर परत येत नाही हे मला कळतं. पण नावच नसेल तर नाहीसं झालेलं कळणार कुणाला? वाळूचे ट्रॅक्टर नदीत उतरतात तेव्हा आम्ही पाण्याची पातळी बघतो, पुलाचे खांब बघतो, काठावरच्या वाळूत कुणाचं घर होतं हे विचारायला आमच्याकडं शब्दच नाही.

गेल्या फेब्रुवारीत मामाला म्हटलं, मला नदीवर घेऊन चल, वरच्या अंगाला, जांबोटीकडं. मामाचं अर्धं आयुष्य त्या भागात गेलंय. "कशाला गं? आता पाणी कुठाय नदीत?" म्हणाला, पण आला, स्कूटर त्यानंच चालवली. कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा तिथं अजून लहान असते, उन्हाळा लागायच्या आधीच धार बारीक होते पण डोह राहतात, गर्द सावलीचे, हिरवेकाळे. पुस्तक मी पिशवीत घेतलं होतं.

डोहाकाठी एक म्हातारा जाळं शिवत बसला होता. दोरा दातात धरून तोडायचा आणि गाठ अंगठ्यानं दाबायचा, जाळ्याला एके ठिकाणी वीतभर भोक पडलेलं. मामाची त्याची तोंडओळख होती. मामा त्याच्याशी कन्नड बोलायचा, तो मामाशी मराठी, असं त्यांचं चालू.

"काय बघालाय ताई पाण्यात?" त्यानं मला विचारलं.

मी पुस्तकातलं चित्र दाखवणार होते, पण माझ्या प्रतीत चित्रच नाही. मग हातानं दाखवलं, एवढं लांब, अशी शेपूट, मिशा, मासे खातं.

"नीरुनायी होय," तो म्हणाला, आणि जाळ्यातलं भोक वर धरून दाखवलं. "ह्ये बघा की. परवा आली होती. चार होत्या."

पहिल्यांदा ऐकला मी तो शब्द. 'रु' त्यानं जवळजवळ गिळलाच होता आणि 'ना' लांबवला होता, मी मनात वाचत होते तसा तो नव्हताच.

मी विचारलं, मग तुम्हाला राग नाही येत? मारत नाही काय कुणी तिला?

"येतोय की राग. निम्मा मासा खाऊन निम्मा जाळ्यातच सोडतीया." गाठ मारून झाल्यावर पुढं म्हणाला, "खरं मारायचं कशाला? तिलापण दुसरा धंदा येत नाही, मलापण नाही."

त्यानं आम्हाला थोडं पुढं नेऊन खडक दाखवला. खडकावर वाळलेली विष्ठा, करडी, भुसभुशीत, काडीनं फोडली तर आत माशांचे खवले, नखाएवढे, अभ्रकासारखे चमकणारे, आणि खेकड्याच्या कवचाचे तुकडे. वास मासळीचाच. मी गुडघ्यावर बसून ते बघत होते आणि मला त्या माणसाची तीस पानांनंतर परत मागं येऊन जाड टोकानं लिहिलेली 'विष्ठा' आठवत होती. मामा म्हणाला, "उठ गं, काय त्यात बघतीस." मी उठले नाही लगेच.

नीरुनायी दिसल्या नाहीत. आम्ही साडेपाचपर्यंत बसलो, एक खंड्या चारदा येऊन गेला, डोहावरची सावली पलीकडच्या काठाला टेकली. म्हाताऱ्यानं पिशवीतल्या पुस्तकाबद्दल विचारलं. मी सांगितलं की यात एका नीरुनायीची गोष्ट आहे, लांबच्या देशातली. "सांगा की," म्हणाला. मग मी सांगितली, मराठीत, अडलं तिथं कन्नडमध्ये, दोन नद्या, आई, थंडी, भटकणं, कुत्री. आमच्याकडंपण दोन प्रभा आहेत, मलप्रभा आणि घटप्रभा, हे त्यानं मध्येच सांगितलं. बुडबुड्यांवरनं शिकारी माग काढतात म्हटल्यावर त्यानं मान डोलावली, आम्हीपण तसंच ओळखतो म्हणाला, खरं आम्ही जाळं उचलायला. शेवट सांगताना माझा आवाज जरा कापला, मी तीन बुडबुडे बोटांवर मोजून दाखवले आणि थांबले.

तो शिवत होता ते थांबला नव्हता. "आणि ते कुत्रं?" त्यानं विचारलं.

"तेपण गेलं. त्यानंच बुडवलं त्याला, आधी."

"म्हणजे पाण्यातल्या नायीनं जमिनीवरली नायी नेली," तो म्हणाला. मग जाळ्याचं एक टोक माझ्याकडं दिलं, "धरा जरा ताई, घट्ट," आणि उरलेली भोकं बघायला लागला.